औषध तेच, रक्त वेगळं

श्रोतेहो, नमस्कार. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवायला स्ट्रेप्टोकायनेज दिलं जातं. एकाला ते लगेच लागू पडतं, तर दुसऱ्याच्या रक्तात गुठळीपर्यंत पोचण्याआधीच त्यातलं बरंचसं वाया जातं. असं का? याचं उत्तर १९३३ सालीच मिळू लागलं होतं.

बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉक्टर विल्यम टिलेट घशाला त्रास देणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंवर काम करत होते. माणसाच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवात, हे जिवाणू गोळा होऊन खाली बसत; सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, बसत नसत. प्लाझ्मात फायब्रिनोजेन हे गुठळी बांधणारं प्रथिन असतं, सीरममध्ये नसतं. जिवाणू ते ओढून घेत असतील, तर गुठळीसाठी लागणारं कॅल्शियम घातल्यावरही त्या नळीत गुठळी व्हायला नको, असं त्यांनी धरलं. गुठळी झाली! जिवाणू असलेल्या नळीत झाली, नसलेल्या नळीतही झाली. नळ्या तशाच राहिल्या. टाकून देण्याआधी त्यांनी पुन्हा पाहिलं, तर जिवाणूंच्या नळीतली गुठळी विरघळून पाणी झालेली. फसलेल्या प्रयोगाच्या नळ्या घाईने धुऊ नयेत, हे शाळेपासून शिकवायला हवं.

पण एक गोष्ट आणखी मोलाची. नुकत्याच स्ट्रेप्टोकोकसच्या आजारातून उठलेल्यांच्या प्लाझ्माची गुठळी विरघळेना. आजारात तयार झालेल्या अँटिबॉडी जिवाणूच्या त्या द्रव्याला धरून ठेवत होत्या. आपलं औषध म्हणजे तेच द्रव्य. म्हणून जिथे घशाचे आणि त्वचेचे हे संसर्ग सतत होतात, तिथे रक्तातला औषधाला होणारा विरोधही जास्त. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांत तो ठळक दिसला.

पूर्वी रुग्णाच्या रक्ताच्या नळ्यांत औषध चढत्या प्रमाणात घालून पाहत आणि पहिला डोस ठरवत. झटक्यात एवढा वेळ नसतो. पायातल्या किंवा फुप्फुसातल्या गुठळीसाठी पहिले अडीच लाख युनिट नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना पुरतात. हृदयविकारात सरसकट १५ लाख युनिट, तासाभरात.

आता नीट ऐका. स्ट्रेप्टोकायनेज एकदा घेतल्यावर पाचव्या दिवसापासून वर्षभर ते पुन्हा लागू पडेलच असं नाही. अलीकडे स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग झाला असेल, तरी तेच. अशा वेळी अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज ही गुठळी विरघळवणारी दुसरी औषधं वापरतात. या अँटिबॉडी त्यांना अडवत नाहीत.

म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘गुठळीचं इंजेक्शन’ एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. औषधाचं नाव आणि तारीख, दोन्ही लिहून घ्या. पुन्हा छातीत दुखलं तर ते कार्ड सोबत न्या आणि पोचताच डॉक्टरांना दाखवा.