लाभांश किती आणि कर किती?

नमस्कार, श्रोतेहो. साखर कारखान्याचा नाहीतर पतसंस्थेचा लाभांश सांगली जिल्ह्यात घरोघरी ठाऊक आहे. शेअर बाजारातल्या कंपनीचा लाभांश त्याच्याच जातीचा, पण त्याचा हिशेब जरा बारकाईने मांडावा लागतो.

‘पाचशे टक्के लाभांश’ असं ऐकून हुरळून जाऊ नका. हे टक्के दर्शनी किमतीवर, म्हणजे कंपनीने शेअरची ठरवलेली मूळ किंमत असते तिच्यावर मोजतात, बाजारभावावर नाही. दर्शनी किंमत 2 रुपये असेल तर शेअरमागे 10 रुपये मिळणार. तो शेअर 400 रुपयांना घेतला असेल तर परतावा जेमतेम अडीच टक्के. लाभांशापुरता शेअर आदल्या दिवशी घेऊन लगेच विकण्याच्या नादी तर लागूच नका. एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला तो लाभांश मिळत नाही त्या दिवशी, भाव साधारण तेवढाच उतरतो, आणि कर वर बसतो.

1 एप्रिल 2020 पूर्वी लाभांशावरचा कर कंपनीच भरायची. आता तो तुमच्या स्लॅबप्रमाणे, म्हणजे उत्पन्नाच्या टप्प्याच्या दराने, तुम्हाला लागतो. समजा, तुमच्याकडे असे 1,200 शेअर आहेत. लाभांश झाला 12,000 रुपये. 2025-26 मध्ये एका कंपनीकडून 10,000 रुपयांच्या वर लाभांश गेला की 10 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर. पॅन दिलेला नसेल तर 20. पॅन दिलेला असेल तर बँकेत आले 10,800. पुष्कळजण पासबुक बघून विवरणपत्रात हाच आकडा टाकतात आणि तिथेच फसतात. ‘इतर उत्पन्ना’त पूर्ण 12,000 लिहा, आणि कापलेले 1,200 भरलेला कर म्हणून दाखवा. 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेससह कर 2,496, म्हणजे आणखी 1,296 भरायचे. नव्या करप्रणालीत पगार, व्याज, लाभांश मिळून 12 लाखांच्या आत असाल तर कर शून्य. पण ते 1,200 परत हवेत तर विवरणपत्र भरावंच लागेल.

टीडीएस कापला नाही म्हणजे कर माफ, हा समज सगळ्यात महागात पडतो. चार कंपन्यांचे नऊ-नऊ हजार आले, कुणीच काही कापलं नाही, तरी उत्पन्न 36,000 झालंच. प्राप्तिकर खात्याला ते एआयएसमध्ये, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांच्या माहितीपत्रकात, दिसतं.

तासगाव-पलूसकडच्या द्राक्ष बागायतदारांनो, लाभांश शेतीच्या उत्पन्नात धरता येत नाही. आणि शेतीचं उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-1 हा विवरणपत्राचा सोपा फॉर्म चालत नाही.

बँक खातं बदललं असेल तर डीमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यातही आजच बदलून घ्या. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर तो आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. परत मिळतात, पण कागदपत्रांसाठी पुष्कळ हेलपाटे घालावे लागतात. नमस्कार.