नवरा-बायकोचं भांडण आणि न सांगितलेलं दुखणं

नमस्कार श्रोतेहो. विषय जरा अवघड आहे. घरात मोठी माणसं असतील तर आवाज कमी करा, पण रेडिओ बंद करू नका.

समुपदेशनाला येणारी बरीच जोडपी भांडणाची तक्रार घेऊन येतात. पलंगावरचा ओला टॉवेल, रात्री बारापर्यंतचा मोबाईल, माहेरचे फोन. बराच वेळ हेच चालतं आणि उठता उठता एखादी म्हणते, "तसंही आमच्यात वर्षभर काही नाहीच."

पन्नाशीचा नवरा धरा. मधुमेह आहे, ताठरता टिकत नाही. लाजेपोटी तो टीव्हीसमोर बसून राहतो, बायको झोपल्यावरच खोलीत जातो. तिला वाटतं, "यांना मी नकोशी झाले, नाहीतर बाहेर काहीतरी आहे." ती विचारते, तो गप्प. ती पुन्हा विचारते, तो खेकसतो. मधुमेहात नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात, रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनीही असं होतं. एवढं तिला वेळेवर कळलं असतं तर तो संशय आलाच नसता. उलटही घडतं. पाळी जायच्या सुमारास कोरडेपणा येतो, संबंध दुखतात. ती टाळते, तो रुसतो.

अमेरिकेत मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीने १९७० साली लैंगिक अडचणींवरची आपली उपचारपद्धत पुस्तकरूपाने मांडली. दोष कुणाचा हे न बघता ते दोघांवर मिळून उपचार करत. सुरुवातीला संबंध चक्क बंद, नुसता स्पर्श. परीक्षाच रद्द झाल्यावर नापास व्हायची धास्ती कशाला राहील? मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

बोलायचं कसं? बिछान्यात तर मुळीच नको. संध्याकाळी फिरायला जा. शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, जीभ सैल होते. "तुझ्यात दमच नाही" असलं वाक्य रागातही तोंडातून काढू नका, ते वर्षानुवर्षं डोक्यात राहतं. आईला, मित्रांना मध्ये घेऊ नका. आणि ती नको म्हणाली, तर नको. तिथे भांडणाला जागाच नाही.

मग दोघं मिळून डॉक्टरांकडे जा, साखर तपासा. भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींच्या नादी लागू नका. मेडिकलमधून परस्पर ताठरतेच्या गोळ्याही आणू नका. छातीत दुखण्यावर नायट्रेटची औषधं चालू असतील तर या गोळ्यांनी रक्तदाब एकदम घसरतो, जिवावर बेतू शकतं. नमस्कार.