टायगर मॉथच्या तारा

डी हॅविलँड टायगर मॉथ हे दुपंखी (एकावर एक अशा दोन पंखांचे) विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी इंग्लंडमध्ये प्रथम उडाले आणि पुढे भारतीय हवाई दलातील अनेक वैमानिकांनीही त्यावरच उड्डाणाचे पहिले धडे घेतले. मूळ विमानाचा पंखविस्तार ८.९४ मीटर असल्यामुळे त्याच्या एकचतुर्थांश आकाराच्या रेडिओ-नियंत्रित प्रतिकृतीचा विस्तार सुमारे सव्वादोन मीटर भरतो. एवढ्या मोठ्या प्रतिकृतीत दोन पंखांमधल्या तिरप्या तारा केवळ शोभेसाठी ठेवायच्या की त्यांच्यावर खरोखर भार सोपवायचा, हे पंख बांधायला घेण्यापूर्वीच ठरवावे लागते. भार सोपवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मैदानावर जुळणीला वेळ लागतो खरा, पण पंख हलके ठेवूनही मजबूत होतात.

उड्डाणात हवा पंखांना वर उचलते, तेव्हा धडाच्या तळापासून दोन पंखांना जोडणाऱ्या बाहेरील खांबाच्या वरच्या टोकाकडे तिरप्या गेलेल्या फ्लाइंग वायर ताणल्या जातात. विमान जमिनीवर टेकले की भार उलटतो आणि वरच्या पंखाच्या मध्यापासून खाली उतरणाऱ्या लँडिंग वायर पंखांचे वजन पेलतात. तार ओढ सोसते, दाब सोसत नाही. म्हणून प्रत्येक दिशेसाठी वेगळी तार लागते. लोहमार्गावरील पुलांच्या कैचीचे (तिरप्या दांड्यांच्या सांगाड्याचे) हे तत्त्व ऑक्टेव्ह शानूट या अभियंत्याने १८९६ मध्येच आपल्या दुपंखी ग्लायडरमध्ये आणले होते.

प्रतिकृतीसाठी नायलॉनचे आवरण असलेली, गळाला लावतात ती बहुपदरी पोलादी तार चांगली चालते. तिचे टोक बारीक धातूच्या नळीतून ओवायचे, कडीतून फिरवून पुन्हा त्याच नळीत घालायचे आणि नळी पकडीने चेपायची. दुसऱ्या टोकाला आटे असलेला जोड ठेवला म्हणजे ताण कमी-जास्त करता येतो. आधी लँडिंग वायर जुळवाव्यात, कारण पंख टोकाकडे किती वर कलतील ते त्यांच्यावर ठरते. मग फ्लाइंग वायर हलक्या हाताने आवळाव्यात आणि दर वेळी दोन्ही बाजूंच्या पंखांचा कोन मोजून पाहावा. एका बाजूची मागची फ्लाइंग वायर जास्त आवळली गेली, तर पंखाचा मागचा काठ खाली ओढला जातो, त्या बाजूची उचल वाढते आणि विमान दुसऱ्या अंगावर कलू लागते.

तारेचा सगळा ताण अखेर तिच्या कडीवर येतो. ती कडी नुसत्या बाल्सात (प्रतिकृतीसाठी वापरतात त्या हलक्या, मऊ लाकडात) रुतवू नये. पंखाच्या मुख्य वाशाला चिकटवलेल्या प्लायवूडच्या तुकड्यात बोल्टने बसवावी, आणि कडीची धातूची पट्टी तारेच्या रेषेतच वळवावी, अन्यथा ती प्रत्येक उड्डाणात थोडी थोडी वाकून अखेरीस तडकते.