पेशींचे निरोप : क्षयाच्या जंतूला शरीर कसे रोखते

(दृश्य : रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर. बोटींवरून मासळीच्या टोपल्या उतरत आहेत.)

हंगामात खलाशी अनेक दिवस एकाच बोटीवर काढतात आणि रात्री दाटीवाटीने झोपतात. त्यांच्यापैकी एखाद्याला फुप्फुसाचा क्षय असेल, तर त्याच्या खोकल्यातून हवेत आलेले जंतू शेजारच्याच्या श्वासावाटे आत जाऊ शकतात. तरीही जंतू शरीरात शिरलेल्या निरोगी माणसांपैकी सुमारे ९० टक्के लोकांना आयुष्यभरात हा आजार होत नाही.

फुप्फुसातील मॅक्रोफेज या भक्षक पेशी बाहेरून आलेले जंतू गिळून पाचक रसांनी नष्ट करतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली ज्याचा शोध जाहीर केला, तो क्षयाचा जंतू मात्र गिळला गेल्यावरही जिवंत राहतो, कारण ज्या पिशवीत तो अडकतो, तिच्यात पाचक रस येऊच नयेत अशी तजवीज तो करतो आणि भक्षक पेशीच्याच पोटात वाढू लागतो. रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना चिकटणारी संरक्षक प्रथिने, पेशीच्या आत पोचत नाहीत. त्यामुळे जंतूला मारण्याचे काम त्याच पेशीला करावे लागते, आणि त्यासाठी तिला बाहेरून निरोप यावा लागतो.

हे निरोप म्हणजे प्रथिने. संसर्गाची चाहूल लागलेल्या पेशी इंटरल्यूकिन-१२ सोडतात. त्याने सज्ज झालेल्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, काही आठवड्यांत फुप्फुसात पोचतात आणि इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. ते मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटताच संदेश केंद्रकापर्यंत जातो, शेकडो जनुके कामाला लागतात, जंतूची पिशवी आम्लयुक्त होते आणि त्याच्यावर मारक रसायनांचा मारा सुरू होतो. टीएनएफ हे दुसरे प्रथिन जंतूभोवती पेशींची गाठ बांधून ठेवते आणि उरलेले जंतू तिच्यात वर्षानुवर्षे कोंडून राहतात. ज्यांच्यात इंटरफेरॉन-गॅमाचा ग्राहक जन्मतःच सदोष होता, अशा मुलांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. बीसीजी लशीतील दुबळा केलेला जंतूसुद्धा अशा मुलांच्या शरीरभर पसरू शकतो. एका प्रथिनाचे मोल याहून स्पष्ट दिसणे कठीण.

(दृश्य : रुग्णाच्या घरची पडवी. आरोग्यसेविका घरातील सुनेचा हात तपासत आहे.)

ही सी-टीबी त्वचाचाचणी आहे. कातडीच्या अगदी वरच्या थरात जंतूची दोन प्रथिने टोचली की तिथे लहानसा पांढरट फुगवटा येतो आणि थोड्या वेळात जिरतो. जंतूशी आधी गाठ पडलेली असेल, तर त्याची स्मृती असलेल्या टी-पेशी तिथे जमतात, इंटरफेरॉन-गॅमा सोडतात आणि इतर पेशींना बोलावतात. म्हणून ४८ ते ७२ तासांनी लाली सोडून फक्त कडक झालेला भाग पट्टीने मोजतात. तो ५ मिलिमीटर किंवा अधिक भरला, तर संसर्ग झाला आहे असे मानतात. आजार आहे की नाही, हे छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी यांवरून ठरवावे लागते.

संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी इंजेक्शने घेणाऱ्या रुग्णांमध्ये दबलेला क्षय उफाळून येतो, हे २००१ साली नोंदले गेले. त्यामुळे असे उपचार सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात आणि संसर्ग आढळला तर आधी प्रतिबंधक औषधे देतात. कोकणातील अनेक कुटुंबांतील माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबली, आणि त्यांपैकी कुणाला क्षय झाला असल्यास ती गोष्ट घरात दबक्या आवाजातच बोलली जाते. मुंबईच्या डॉक्टरांकडे संधिवाताच्या उपचारांसाठी जाणाऱ्या आजीने ती त्यांना मोकळेपणाने सांगायला हवी, कारण लहानपणी त्या माणसाच्या सहवासात राहिली असेल, तर कोंडलेले जंतू आजही तिच्या फुप्फुसात असू शकतात.