खोऱ्याचा माथा आणि पायथ्याची बाग

पेरूमधील कुस्को शहराच्या उत्तरेला असलेले उरुबांबा नदीचे खोरे बहुतेकांना माचू पिच्चूच्या वाटेवरचा टप्पा म्हणून माहीत असते. तिथल्या केचुआ भाषक गावांनी आपली जमीन कशी सावरली, हे समजून घ्यायचे असेल, तर मात्र तळाऐवजी माथ्यापासून सुरुवात करावी लागते. खाली सुमारे २,८०० मीटर उंचीवर मका पिकतो. वर चढत गेले की मका सुटतो आणि बटाटा सुरू होतो. आणि चार हजार मीटरच्याही पुढे, जिथे इतर झाडे तग धरत नाहीत, तिथे केउन्याचे वाकडेतिकडे झाड उभे असते. याचेच शास्त्रीय नाव पॉलिलेपिस. त्याच्या खोडावर तांबूस सालीचे कागदासारखे पातळ पापुद्रे एकावर एक चढलेले असतात आणि त्यामुळे रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीतही खोड वाचते. पाने आणि फांद्यांवरचे शेवाळ धुके अडवते, ते पाणी मुळांशी मुरते आणि पावसाळा सरल्यावरही खालचे झरे वाहते राहायला त्याची मदत होते.

हे जंगल सरपणासाठी तुटले, कोळशासाठी जळले, कुरणांना लावलेल्या वणव्यांत आणि गुरामेंढरांच्या चराईत संपत गेले. एकोणिसाव्या शतकात आलेल्या निलगिरीने पुढे उतार व्यापले. पण वासे आणि जळण लवकर देणारे झाड लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

केचुआ शेतकऱ्यांचे नातू असलेले जीवशास्त्रज्ञ कोन्स्तांतिनो आउका चुतास यांनी हे जंगल पुन्हा उभे करण्यासाठी इतरांसोबत २००० साली एकोआन ही संस्था उभी केली आणि २०१८ मध्ये ‘आक्सिओन अँदिना’ हा अनेक देशांत पसरलेला उपक्रम सुरू झाला. त्याला २०२३ मध्ये पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती कामाची रीत. कोणता उतार राखायचा हे गावाची सभा ठरवते. रोपे गावाच्याच रोपवाटिकेत, बहुधा फांद्यांच्या छाटांपासून तयार होतात. आणि पावसाळ्यात ‘केउन्या रायमी’ या लावणीच्या उत्सवाच्या दिवशी वाद्यांच्या गजरात आबालवृद्ध पाठीवरच्या रंगीत कापडात रोपे बांधून डोंगर चढतात. या श्रमामागे ‘आइनी’ आहे, म्हणजे आपल्याकडची सावड: आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. लावणीचा दिवस उत्साहात पार पडतो. खरी कसोटी त्यानंतर, मेंढ्या आणि गुरे त्या उतारापासून लांब ठेवताना लागते, कारण तिथे एखाद्या कुटुंबाला चराई प्रत्यक्ष सोडावी लागते. म्हणूनच एकोआनने रोपांच्या जोडीला कमी लाकूड खाणाऱ्या चुली आणि सौरदिवेही दिले, हे मला अतिशय शहाणपणाचे वाटते.

माथ्यावर राखलेले पाणी पायथ्याच्या बागेपर्यंत पोहोचवायला पाट आणि पायऱ्यांची शेते लागतात. ओयांतायताम्बो गावाजवळच्या ‘पताकांचा’ नावाच्या खोऱ्यात पुरातत्त्वज्ञ अ‍ॅन केंडल यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी इंका काळातील पाट आणि ताली पुन्हा उभ्या केल्या. डागडुजीला सिमेंट वापरले नाही, कारण ते तडकते; त्याऐवजी चिकणमाती, वाळू आणि निवडुंगाचा चीक यांचे जुने मिश्रण वापरले. तालीच्या तळाशी दगड, त्यावर खडी आणि वर माती असल्याने जादा पाणी निचरून जाते. दगडी भिंत दिवसाचे ऊन शोषून रात्री ऊब सोडते आणि पिकाला कडाक्याच्या थंडीत आधार मिळतो. पिकांच्या फेरपालटीत तारवी हे शेंगवर्गीय पीक घेतले की नत्र जमिनीत परत येतो आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाळलेल्या गिनीपिगांची लीद परसात खत म्हणून जाते.

उरुबांबाच्याच खोऱ्यात पिसाकजवळ केचुआ गावांनी मिळून ‘बटाटा उद्यान’ राखले आहे. लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी या गावांनी २००४ मध्ये करार केला आणि केंद्राच्या संग्रहातील स्थानिक वाणांचे निरोगी बियाणे पुन्हा गावात आणले. आपल्या उपवासाच्या बटाट्याचे माहेर हेच अँडीज, हे जाता जाता सांगायला हवे. मात्र तापमान वाढल्यामुळे गेल्या काही दशकांत तिथले शेतकरी बटाटा अधिकाधिक उंचावर लावू लागले आहेत. असाच चढत राहिला, तर बटाटा केउन्यासाठी राखलेल्या उतारांपर्यंत पोहोचेल आणि तेव्हा तो उतार पिकाला द्यायचा की झाडाला, हे सभेलाच ठरवावे लागेल.