अथपासून इतिपर्यंत : २०२४ चे काही रॉक आणि इंडी अल्बम

श्रोतेहो, नमस्कार.

२०२४ या वर्षात रॉक आणि इंडी संगीताचे जे अल्बम प्रसिद्ध झाले, त्यांपैकी मला मनापासून आवडलेल्या काही अल्बमविषयी आज मी आकाशवाणीवरून आपल्याशी बोलणार आहे. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयाबाहेर, लहान संस्थांच्या किंवा स्वतःच्याच बळावर निघालेले संगीत म्हणजे इंडी, एवढी ओळख आजच्यापुरती पुरे. हे शिक्के आता तितकेसे काटेकोर राहिलेले नाहीत आणि मी घेणार असलेल्या नावांपैकी काहींच्या पाठीशी मोठ्या कंपन्याही आहेत. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लावण्याचा माझा विचार नाही. वर्षभराचे ऐकून झाल्यावर एक गोष्ट मात्र लक्षात आली आणि तिच्याच आधाराने ही निवड केली आहे. यांतले बहुतेक अल्बम अथपासून इतिपर्यंत, ज्या क्रमाने रचले गेले त्याच क्रमाने ऐकले तरच हाती लागतात. आणि त्यांच्या कर्त्यांनी श्रोत्यापुढे तशी अट या ना त्या प्रकारे, काहींनी तर अगदी हट्टाने, घातलेली आहे.

इंदूरच्या श्रोत्यांना ही अट जड जाऊ नये. हे उस्ताद अमीर खाँसाहेबांचे शहर आहे. झुमरा या तालाच्या चौदा मात्रा इतक्या सावकाश सरकत की पुढच्या समेपर्यंत श्रोत्याने आपला श्वासही त्या लयीला बांधून घ्यावा, अशी त्यांची अतिविलंबित गायकी होती. एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी अशी त्यांची जी प्रसिद्ध तबकडी आहे, ती ज्या घरांत वाजली, त्या घरांत कोणी मारव्याचा मधला तुकडा काढून दरबारीच्या एखाद्या तुकड्याशेजारी ठेवला नसेल. आज मोबाइलवर आपण नेमके तेच करतो. एक गाणे इकडचे, एक तिकडचे, आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला दहा सेकंदांत काही घडले नाही की बोट पुढे सरकते.

अशा काळात इंग्लंडच्या द क्युअर या बँडने १ नोव्हेंबरला ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ हा अल्बम आणला. त्याआधीचा त्यांचा अल्बम २००८ चा होता, म्हणजे मध्ये सोळा वर्षे गेली. ‘अलोन’ हे त्यातले पहिलेच गीत सुरू होते आणि तीन मिनिटे उलटून गेली तरी गायक रॉबर्ट स्मिथचा आवाज येत नाही. जड पावलांनी चालणारे ड्रम, त्यांच्यावर धुक्यासारखे पसरलेले कीबोर्डचे स्वर, खाली सायमन गॅलपच्या बासची घरघर आणि पुन्हा पुन्हा फिरून येणारी तीच एक धून, एवढ्यावर जवळजवळ निम्मे गीत उभे राहते. खाजगी एफएमवर एवढ्या वेळात एक गाणे आणि दोन जाहिराती होऊन जातात. ही तीन मिनिटे सजावटीची नाहीत. प्रत्येक फेऱ्यात त्या धुनेचा एखादा स्वर किंचित निराळ्या जागी पडतो, एखादे वाद्य दबक्या पावलांनी आत येते, आणि शेवटी आवाज येतो तेव्हा तो येण्यावाचून गत्यंतर नव्हते असे वाटते. आपल्याकडे आलापीने रागाचे घर उभे केल्यावर बंदिशीचा मुखडा येतो, तसाच हा न्याय आहे. मात्र रॉकच्या श्रोत्याला असे थांबण्याची सवय नसते आणि स्मिथला ते पुरेपूर ठाऊक आहे.

अल्बममध्ये आठच गीते आहेत आणि सगळी स्मिथने एकट्याने लिहिली आहेत. विषय एकच, मरण आणि वय. ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हे गीत त्याने आपल्या भावाच्या मृत्यूवर लिहिले आहे. त्यात पियानोची इतकी साधी सुरावट आहे की नवख्या विद्यार्थ्यालाही ती पेटीवर काढता यावी. शेवटचे ‘एंडसाँग’ दहा मिनिटांहून मोठे आहे आणि तिथे तर सहा मिनिटे होऊन गेल्यावर आवाज येतो. म्हणजे जिथून निघालो तिथेच, पण दुप्पट धीराने, स्मिथ आपल्याला नेऊन सोडतो. यांतली बरीचशी गीते २०२२ च्या युरोपच्या दौऱ्यात आधी श्रोत्यांसमोर वाजवली गेली आणि मगच अल्बम बाहेर आला. मैफिलीत मुरलेली चीज आणि स्टुडिओत जुळवलेली चीज यांत जो फरक असतो, तो इथे स्पष्ट ऐकू येतो. ब्रिटनमध्ये हा अल्बम विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. या बँडच्या वाट्याला हे भाग्य १९९२ नंतर प्रथमच आले. त्या यादीच्या शहाणपणावर माझा फारसा विश्वास नाही, पण या वेळी तिचे बरोबर होते.

१७ मे या एकाच दिवशी दोन अल्बम आले आणि त्यांच्यात दोन ध्रुवांचे अंतर आहे. एक, बेथ गिबन्स यांचा ‘लाइव्ह्ज आउटग्रोन’. पोर्टिसहेड या बँडची गायिका म्हणून त्यांचा आवाज नव्वदच्या दशकापासून परिचित आहे, पण केवळ स्वतःच्या नावावर पूर्ण अल्बम आणायला त्यांनी साठीच्या उंबरठ्यापर्यंतचा काळ घेतला आणि त्यापैकी सुमारे दहा वर्षे याच गीतांवर गेली. जवळची माणसे एकामागून एक जाऊ लागतात, शरीर बदलते आणि आपण पूर्वीचे राहिलेलो नाही हे कळते, त्या वयाची ही गीते आहेत. तरुणांच्या मक्तेदारीचे समजले जाणारे हे संगीत प्रौढ बाईच्या तोंडून असे काही बोलते, ही मला या वर्षातली सर्वांत महत्त्वाची घटना वाटते. या अल्बममधला ठेका कान देऊन ऐकावा. टॉक टॉक या बँडचे जुने ड्रमवादक ली हॅरिस यांनी नेहमीचा ड्रमसंच बाजूला ठेवून स्वयंपाकाची पसरट कढई, चामड्याची पाण्याची पिशवी, पत्रा आणि मोठ्या ढोलाच्या जागी पडद्यांच्या कापडाने भरलेले पुठ्ठ्याचे खोके अशा वस्तू मऊ टोकाच्या काठ्यांनी वाजवल्या आहेत. त्यामुळे ठेका कानावर आदळत नाही, तो भिंतीपलीकडून आल्यासारखा येतो, आणि गिबन्स यांच्या थरथरत्या, दबलेल्या आवाजाला त्याची अडचण होत नाही. साध्या मोबाइलच्या स्पीकरवर हे खोके ऐकूच येणार नाही; निदान हेडफोन तरी घ्यावेत.

त्याच दिवशीचा दुसरा अल्बम शिकागोच्या शेलॅक या त्रिकुटाचा ‘टू ऑल ट्रेन्स’. त्याची तारीख आधीच ठरली होती आणि त्या तारखेच्या दहा दिवस आधी, ७ मे रोजी, बँडचे गिटारवादक आणि गायक स्टीव्ह अल्बिनी हृदयविकाराने वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गेले. अल्बिनी यांचे नाव ज्यांना माहीत नाही, त्यांनीही त्यांचे काम ऐकलेले असण्याचा संभव आहे. निर्वाणा या बँडचा १९९३ चा ‘इन यूटेरो’, पिक्सीज यांचा ‘सर्फर रोझा’, पी. जे. हार्वी यांचा ‘रिड ऑफ मी’ हे सगळे त्यांनी ध्वनिमुद्रित केले. निर्माता म्हणवून घेणे त्यांना मान्य नव्हते, ते स्वतःला ध्वनिमुद्रक म्हणत. आणि विक्रीतला वाटा घेण्याला तर त्यांचा तत्त्वतः विरोध होता. नळ दुरुस्त करणाऱ्याला कामाचे पैसे मिळतात तसे मला द्या, असे त्यांनी निर्वाणाला लेखी कळवले होते. ‘इन यूटेरो’ किती खपला हे पाहिले, तर या एका आग्रहापायी त्यांनी केवढ्या रकमेवर पाणी सोडले याची कल्पना येते. ‘टू ऑल ट्रेन्स’ अवघ्या अठ्ठावीस मिनिटांचा आहे. कोरडी, करकरीत गिटार, मधेच तुटणारा ठेका, खवचट विनोद आणि कुठेही गोडवा नाही. शेवटच्या गीताचे शीर्षकच ‘मला नरकाची भीती नाही’ या अर्थाचे आहे. त्यात योगायोगापलीकडचे काही शोधू नये, असे मी स्वतःला बजावतो आणि तरीही ते गीत इतर गीतांसारखे ऐकू येत नाही.

किम डील यांचा ‘नोबडी लव्ह्ज यू मोअर’ हा नोव्हेंबरमधला अल्बमही अल्बिनी यांच्याशी जोडलेला आहे, कारण त्याचा काही भाग त्यांनीच ध्वनिमुद्रित केला. पिक्सीज आणि ब्रीडर्स या दोन बँडमध्ये हयात घालवलेल्या किम यांचा, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी आलेला, स्वतःच्या नावाचा हा पहिला अल्बम आहे. व्हायोलिन आणि पितळी वाद्ये यांचा त्यात केलेला वापर अनपेक्षित आहे आणि फार गोड आहे.

आता हट्टाची दोन उदाहरणे. कॅनडाचे पॅट्रिक फ्लेगेल हे सिंडी ली या नावाने, स्त्रीवेषात, गातात. त्यांनी २९ मार्चला ‘डायमंड ज्युबिली’ हा बत्तीस गीतांचा, दोन तासांहून थोडा मोठा अल्बम बाहेर काढला, तोही स्पॉटिफायसारख्या कुठल्याही सेवेवर न ठेवता. यूट्यूबवर सलग दोन तासांची एकच फीत आणि एका जुनाट, ओबडधोबड संकेतस्थळावरून फाइली उतरवून घेण्याची सोय, एवढेच काय ते ठेवले. जाहिरात नाही, मोठी कंपनी नाही. तरीही वर्षभरात ज्या अल्बमविषयी सर्वांत जास्त लिहिले गेले, त्यांत हा अग्रभागी राहिला. त्याचा नाद साठच्या दशकातल्या मुलींच्या गायनचमूंचा, दूरच्या स्टेशनवरून रात्री खरखरत येणाऱ्या मीडियम वेव्हसारखा आहे. मी हे आकाशवाणीवरून बोलतो आहे म्हणून नव्हे, खरोखरच तसा आहे. दोन तासांत काही गीते सैल पडतात हे कबूल करावे लागेल. पण कोणती गाळावीत, हे ठरवायला बसलो तर निर्णय होत नाही.

जॅक व्हाइट यांनी वेगळीच गंमत केली. १९ जुलैला त्यांच्या थर्ड मॅन या संस्थेच्या नॅशव्हिल, डेट्रॉइट आणि लंडन इथल्या दुकानांत जो कोणी काही विकत घेईल, त्याच्या पिशवीत एक कोरी तबकडी गुपचूप टाकली जात होती. वर ना कलावंताचे नाव, ना गीतांची यादी. घरी जाऊन लावली की व्हाइट यांचा नवा अल्बम! लोकांनी तो एकमेकांना वाटावा अशीच त्यांची इच्छा होती. ऑगस्टमध्ये तो ‘नो नेम’ या नावाने रीतसर प्रसिद्ध झाला. संगीत म्हणून पाहिले तर हा जुन्या ब्लूजचा, धसमुसळ्या गिटारचा अल्बम आहे आणि त्यात नवे फारसे काही नाही, पण पुष्कळ वर्षांनी व्हाइट यांनी चातुर्य आवरून नुसते वाजवले, याचाच आनंद मोठा.

अमेरिकेतून आलेली, लोकसंगीताकडे झुकलेली इंडी गीतेही त्या वर्षी भरात होती. केटी क्रचफील्ड, म्हणजेच वॅक्सहॅची, यांचा ‘टायगर्स ब्लड’ आणि एड्रिएन लेंकर यांचा ‘ब्राइट फ्यूचर’ हे दोन्ही २२ मार्चला आले. पहिल्यातले ‘राइट बॅक टू इट’ हे बँजोच्या साथीचे युगुलगीत ज्याला आवडणार नाही, त्याच्यासाठी माझ्याकडे दुसरे काही नाही. लेंकर यांनी आपला अल्बम संगणक टाळून, जुन्या पद्धतीने फितीवर मुद्रित केला. खोलीतली फळी कुरकुरते तेही त्यात राहून जाते आणि राहिलेले बरे वाटते. क्रचफील्ड यांच्यासोबत ज्या तरुणाने आवाज मिळवला, त्या एम. जे. लेंडरमनचा स्वतःचा ‘मॅनिंग फायरवर्क्स’ सप्टेंबरमध्ये आला. हरलेल्या, बढाईखोर, एकट्या पुरुषांची तो थट्टा करतो, पण त्यांना हाकलून देत नाही.

डब्लिनच्या फाँटेन्स डीसी यांचा ‘रोमान्स’ खूप गाजला आणि त्यातले ‘स्टारबर्स्टर’, ज्यात गायकाने धाप लागल्यासारखा घेतलेला श्वासच तालाचा भाग होतो, ते गाजण्यासारखेच आहे; बाकीचा अल्बम मला थोडा चकचकीत वाटला. लीड्सच्या इंग्लिश टीचर या नव्या बँडला ‘धिस कुड बी टेक्सस’साठी ब्रिटनमध्ये वर्षातल्या उत्तम अल्बमला दिला जाणारा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. निक केव्ह यांच्या ‘वाइल्ड गॉड’ची सर्वांनी एवढी स्तुती केली असताना त्यातला समूहगानाचा गजर मला का भिडला नाही, ते सांगणे अवघड आहे, पुढच्या वर्षी पुन्हा ऐकून पाहीन.

आपल्या देशातले एकच नाव घेतो, कारण ते दयेपोटी घ्यावे लागत नाही. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा ‘बीटा’ ९ ऑगस्टला आला. सूर्यकांत साहनी यांचा जुन्या काळच्या क्लबगायकांसारखा जड, आळसावलेला आवाज, ट्रम्पेट, वॉल्ट्झची झोके घेणारी लय आणि मधूनच हिंदी चित्रपटसंगीताची सावली, असे हे मिश्रण दुसऱ्या कुठल्या देशात तयार झालेच नसते. भारतीय इंडी बँडच्या वाट्याला बहुधा दोन आरोप येतात. परदेशी लोक म्हणतात यात भारत कुठे आहे, आणि आपले लोक म्हणतात हे इंग्रजीत कशासाठी. ‘बीटा’ या दोघांनाही उत्तर देत बसत नाही. आपल्या इंदूरच्या विजयनगरमधल्या कॅफेंमधून गिटार घेऊन बसणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी या अल्बममधून एवढे जरूर घ्यावे की दुसऱ्याची गाणी हुबेहूब वाजवण्यात पाच वर्षे घालवण्यापेक्षा आपली चार गाणी कच्ची वाजवलेली बरी. या बँडचा यापूर्वीचा ‘बिस्मिल्ला’ २०१९ मध्ये आला होता; पुढच्या अल्बमसाठी त्यांनी द क्युअर यांचा कित्ता गिरवू नये, ही विनंती.

नमस्कार.