चमच्यावर टिकणारा घास

समोर दोन वाट्या आहेत आणि दोन्हींत लापशी आहे. पहिल्या वाटीतला चमचा कलता केला की लापशी ओघळून पुन्हा वाटीत पडते. दुसऱ्या वाटीतली मात्र चमचा कलता केला तरी जागची हलत नाही. वजन कमी असलेल्या दीड-दोन वर्षांच्या मुलाला कसे भरवावे, याचे बरेचसे उत्तर या दोन चमच्यांतच सापडते.

परंतु भरवण्याआधी मोजले पाहिजे. बरोबरीच्या मुलांपेक्षा बारीक दिसते, एवढ्यावरून मूल कमी वजनाचे ठरत नाही. पहिल्या वर्षात जन्मवजनाच्या साधारण तिप्पट झालेले मूल दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन ते अडीच किलोने वाढते, म्हणजे महिन्याला सुमारे २०० ग्रॅम. वाढ मंदावते तशी भूकही मंदावते, आणि नेमकी याच सुमारास घरच्यांची काळजी सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतील निरोगी मुलांची मोजमापे घेऊन २००६ मध्ये वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांवर मधली रेषा त्या वयाच्या सर्वसाधारण वजनाची असते आणि तिच्या बरीच खाली ‘उणे दोन’ अशी खूण असलेली रेषा असते. वयानुसार वजनाचा बिंदू या उणे दोनच्या रेषेखाली गेला, तर वजन कमी मानले जाते. तरीही एका बिंदूपेक्षा अनेक महिन्यांच्या नोंदी अधिक सांगतात, कारण आईवडील लहान चणीचे असल्यामुळे खालच्या रेषेला धरून सरळ वाढणारे मूल आणि वरच्या रेषेवरून घसरत त्याच जागी येऊन पोहोचलेले मूल, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. रोज वजन करण्यात अर्थ नाही. पेलाभर दूध पिऊन मूल काट्यावर चढले, तरी काटा महिन्याभराच्या वाढीएवढा पुढे सरकतो.

आता पुन्हा त्या वाट्यांकडे वळू. लहान मुलाच्या पोटात एका वेळी, वजनाच्या दर किलोमागे, अंदाजे ३० मिलिलिटर मावते. आठ किलोच्या मुलाच्या पोटात जेमतेम एक पेला. तो पेला पातळ लापशीने भरला, तर मूल तृप्त होते खरे, पण पाण्यानेच. म्हणून घास वाढवण्यापेक्षा घासातला कस वाढवणे शहाणपणाचे ठरते. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ किलोकॅलरी मिळतात, तर पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांतून प्रत्येकी ४. लहान चमचाभर तेल किंवा लोणी घट्ट शिजवलेल्या अन्नात मिसळले, की वाटीचा आकार न वाढता सुमारे ४० किलोकॅलरींची भर पडते. नुसत्या स्निग्धांशाने मात्र शरीर घडत नाही. त्यासोबत अंडी, मासे, मांस, डाळी, सायीसकट दूध किंवा दाण्यांचे मऊ वाटण यांतून प्रथिने, लोह आणि जस्त मिळावे लागते. अख्खे दाणे या वयात घशात अडकू शकतात, म्हणून ते वाटूनच द्यावेत.

साखरेने वजन वाढलेले दिसेलही, पण त्याला वाढ म्हणता येत नाही. फळांच्या रसाने भूक मरते आणि दात किडतात. दुधाचा सापळा त्याहून फसवा आहे, कारण दूध पौष्टिक असल्याने त्यावर कोणी शंका घेत नाही. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणारे मूल जेवणाला तोंड लावत नाही. दुधात लोह अगदी थोडे असल्यामुळे हळूहळू त्याचे रक्त कमी होते आणि रक्त कमी झाले की भूक आणखी मंदावते.

काही वेळा कारण ताटात नसतेच. वारंवार जुलाब किंवा उलट्या, सतत खोकला, गिळताना त्रास, वजन घटत जाणे किंवा मूल मलूल राहणे, यांपैकी काहीही दिसले तर आहाराचे प्रयोग थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जावे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज आली, तर ते तीव्र कुपोषण असते. अशा मुलाला घरी भराभर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते. साध्या आजारातून उठलेल्या मुलाला मात्र पुढचे दोन आठवडे दिवसातून एक खाणे जास्त द्यावे, कारण गेलेले वजन भरून काढण्यासाठी शरीर तेव्हा स्वतःच मागणी करत असते.

सर्वांत अवघड भाग भरवणाऱ्याच्या वाट्याला येतो. हात धरून, पडद्यावरची चित्रे दाखवून, तोंड उघडताच घास सारणे घरोघरी चालते आणि त्यामागे माया असते, हे मान्य केले तरी त्यातून मुलाला जेवणाची धास्तीच बसते. अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे खाणे मोजले गेले, तेव्हा एका जेवणाहून दुसऱ्या जेवणात मोठा चढउतार आढळला, पण पूर्ण दिवसाची बेरीज बऱ्यापैकी स्थिर राहिली. आजाराची शंका नसेल, तर काय आणि केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलावर सोडावे. नवा पदार्थ आवडायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. दोनदा थुंकला म्हणून तो कायमचा बाद करणे घाईचे ठरते.

चार घास झाले आहेत आणि पाचव्याला मुलाने मान फिरवली आहे. आईने क्षणभर चमचा तसाच धरला, मग काही न बोलता वाटी उचलून नेली. पुढचे खाणे अडीच तासांनी आहे आणि तोवर फक्त पाणी मिळेल.